एका लॅपटॉपमध्ये तीन शाखांचं नेटवर्क : व्हर्च्युअल मशीनवर उभं करा, तोडा, पुन्हा जोडा

नेटवर्क शिकायचं तर ते तोडता आलं पाहिजे. केबल उपटली की काय होतं, एखाद्या राउटरला परतीची वाट ठाऊक नसेल तर लक्षणं कशी दिसतात, लाइन चालू आहे पण शंभरातलं एक पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा) गळतंय तेव्हा बिलिंगचं सॉफ्टवेअर का अडकतं, हे चालत्या ऑफिसात करून बघता येत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलची ऑर्डर निघायच्या दिवशी कुणी राउटरला हात लावू देणार नाही. कॉलेजच्या लॅबमध्येही तास संपायच्या आत सगळं होतं तसं लावून द्यावं लागतं. म्हणून सोलापुरात डिप्लोमा, इंजिनिअरिंग किंवा बीसीए करणाऱ्या आणि दुकानं-कारखान्यांची नेटवर्कं सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचं एक मोडायचं नेटवर्क असावं, असं मला मनापासून वाटतं. त्याला आठ जीबी रॅमचा लॅपटॉप आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं.

आपण एक काल्पनिक धंदा घेऊ. कारखाना अक्कलकोट रोडला, दुकान नवी पेठेत, ऑफिस होटगी रोडला. प्रत्येक जागी एक राउटर आणि त्यामागे एक कॉम्प्युटर. तिन्ही राउटर एकमेकांना त्रिकोणात जोडलेले, म्हणजे एक लाइन तुटली तर दुसऱ्या बाजूने वळसा घालून जाता येईल. एकूण सहा व्हर्च्युअल मशीन, म्हणजे लॅपटॉपच्या आत सॉफ्टवेअरने उभे केलेले कॉम्प्युटर.

पॅकेट ट्रेसरसारखा सिम्युलेटर सुरुवातीला चांगलाच आहे, पण त्यात बनवणाऱ्याने जेवढं घातलंय तेवढंच दिसतं. व्हर्च्युअल मशीनमध्ये खरा लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) चालतो, खरं टीसीपी (माहिती न हरवता पोचवायचे नियम) चालतं, आणि तोच लिनक्स कितीतरी विकतच्या राउटरांच्या पोटात असतो. इथे दिसलेलं लक्षण बाहेर जसंच्या तसं दिसतं. जीएनएस३ किंवा ईव्ह-एनजी ही तयार साधनं पुढे जरूर वापरा. पहिलं नेटवर्क मात्र हाताने, एकेक तार स्वतः जोडून करा. तार कुठून कुठे गेलीय हे डोक्यात पक्कं बसतं ते तेव्हाच.

या लेखात आज्ञा देवनागरीत, वाचायच्या उच्चाराने दिल्या आहेत. पडद्यावर त्या रोमन लहान अक्षरांत टाइप करायच्या. पिंगचे -एम आणि -आय, ईथटूलचा -के आणि आयपीटेबल्समधली आउटपुट, फॉरवर्ड, ड्रॉप, टीसीपीएमएसएस ही नावं मात्र मोठ्या अक्षरांत. पायऱ्या डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि व्हर्च्युअलबॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) धरून आहेत.

आधी कागद

यंत्रमागावर ताणा चुकीचा भरला तर पुढचं सगळं कापड चुकतं. इथला ताणा म्हणजे पत्त्यांची आखणी. मशीन सुरू करायच्या आधी कागदावर त्रिकोण काढा आणि प्रत्येक रेषेवर पत्ता लिहा. तिरप्या रेघेनंतरचा आकडा पत्त्यातले किती बिट नेटवर्कचे ते सांगतो.

कारखान्याचं आतलं नेटवर्क : १०.१०.१०.०/२४
दुकानाचं : १०.१०.२०.०/२४
ऑफिसचं : १०.१०.३०.०/२४
कारखाना ते दुकान लाइन : १०.०.१२.०/३०
कारखाना ते ऑफिस लाइन : १०.०.१३.०/३०
दुकान ते ऑफिस लाइन : १०.०.२३.०/३०

कारखान्याचा राउटर रा१, दुकानाचा रा२, ऑफिसचा रा३. आतल्या नेटवर्कात राउटरचा पत्ता नेहमी शेवटी १, कॉम्प्युटरचा ११. लाइनवर लहान क्रमांकाच्या राउटरला १, मोठ्याला २. लाइनला /३० घेतलं, कारण त्यात चार पत्ते असतात आणि वापरता येणारे दोनच. दोन टोकांच्या तारेला तेवढेच लागतात. लाइनच्या पत्त्यात १२ दिसलं की ती रा१ आणि रा२ मधली, हे लगेच कळतं. रात्री उशिरा टीसीपीडम्पच्या (तारेवरून जाणारी पॅकेट दाखवणाऱ्या आज्ञेच्या) ओळी वाचताना ही सोय फार उपयोगी पडते.

हे पट्टे टाळा. १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ घरच्या राउटरांवर सर्रास असतात. १०.०.२.०/२४ व्हर्च्युअलबॉक्स स्वतःच्या एनएटीसाठी (लॅपटॉपच्या पत्त्याआडून मशीनला इंटरनेट देण्यासाठी) वापरतो.

आता कागदावर प्रत्येक राउटरची नेटवर्क कार्डं लिहा. व्हर्च्युअलबॉक्सच्या ॲडॅप्टर १, २, ३ ला डेबियनमध्ये अनुक्रमे ईएनपी०एस३, ईएनपी०एस८, ईएनपी०एस९ अशी नावं मिळतात. पहिलं कार्ड आतल्या नेटवर्कला. रा१ चं दुसरं दुकानाकडे, तिसरं ऑफिसकडे. रा२ चं दुसरं कारखान्याकडे, तिसरं ऑफिसकडे. रा३ चं दुसरं कारखान्याकडे, तिसरं दुकानाकडे.

लॅपटॉपची तपासणी

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मग सीपीयू. तिथे व्हर्च्युअलायझेशन एनेबल्ड दिसलं पाहिजे. नसेल तर बायोसमध्ये जाऊन इंटेलच्या मशीनवर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी, एएमडीच्या मशीनवर एसव्हीएम मोड चालू करा. मशीन चालताना खालच्या पट्टीत कासवाचं चित्र दिसलं, तर विंडोजचं हायपर-व्ही (व्हर्च्युअल मशीनचीच सोय) आड येतंय आणि सगळं संथ चालेल. विंडोज फीचर्समधून ते बंद करता येतं. विंडोज सिक्युरिटीतली मेमरी इंटिग्रिटी चालू असेल तर तिच्यामुळेही असं होतं. व्हर्च्युअलबॉक्सचा एक्स्टेन्शन पॅक वेगळ्या परवान्याखाली येतो आणि आपल्याला तो लागतच नाही, तेव्हा टाकू नका.

एक कोरं मशीन

सहा वेळा इन्स्टॉल करायचं नाही. एकच मशीन नीट तयार करायचं आणि त्याच्या प्रती काढायच्या.

डेबियन १२ ची नेटइन्स्ट आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) उतरवा. नवीन मशीन करताना रॅम १ जीबी, डिस्क ८ जीबी, ॲडॅप्टर १ एनएटीवर. व्हर्च्युअलबॉक्स ७ मध्ये अनअटेंडेड इन्स्टॉल टाळायची खूण करा, म्हणजे सगळे प्रश्न तुम्हाला विचारले जातील. सॉफ्टवेअर निवडायचा पडदा आला की डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढा. एसएसएच सर्व्हर आणि स्टँडर्ड युटिलिटीज ठेवा. राउटरला चित्रं लागत नाहीत, आणि डेस्कटॉप टाकलात तर आठ जीबीत सहा मशीन बसणार नाहीत.

मशीन सुरू झालं की रूट म्हणून लॉगिन करा आणि लागणारी सगळी पॅकेजं आत्ताच घ्या, कारण नंतर ही मशीन इंटरनेटपासून तुटणार आहेत :

एपीटी इन्स्टॉल एफआरआर टीसीपीडम्प ट्रेसराउट आयपर्फ३ ईथटूल आयपीटेबल्स

यातलं एफआरआर लिनक्सला राउटरांची आपसातली भाषा शिकवतं, आयपर्फ३ वेग मोजतं. आयपर्फ३ आपोआप सुरू करायचं का असा प्रश्न येतो, त्याला नाही म्हणा. मशीन बंद करा, रॅम ५१२ एमबीवर आणा आणि ‘कोरं’ नावाचा स्नॅपशॉट (मशीनची जशीच्या तशी जपलेली स्थिती) घ्या.

आता क्लोन. प्रकार लिंक्ड निवडा, म्हणजे प्रत्येक प्रत मूळ डिस्कवरच उभी राहते आणि जागा अगदी थोडी घेते. मूळ मशीन मात्र मग डिलीट करायचं नाही. त्याच पडद्यावर मॅक पॉलिसी असते; मॅक म्हणजे प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा पत्ता. तिथे सगळ्या कार्डांसाठी नवे मॅक ॲड्रेस बनवायचा पर्याय निवडा. हे सुटलं आणि एकाच तारेवर दोन सारखे मॅक आले, तर पिंग (समोरचं मशीन उत्तर देतं का बघायची आज्ञा) कधी जातो कधी जात नाही, आणि दोष पत्त्यांत शोधत तासन्‌तास जातात. क्लोन झाल्यावर प्रत्येकाचं नाव होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम या आज्ञेने बदला. सहा काळ्या खिडक्या उघड्या असताना आपण नक्की कुठल्या राउटरवर आहोत हे त्या नावावरूनच कळणार आहे.

तारा जोडणं

व्हर्च्युअलबॉक्समध्ये कार्डाला वेगवेगळ्या प्रकारे जोडता येतं. आपल्याला हवं ते इंटर्नल नेटवर्क. एक नाव लिहायचं, आणि त्या नावावर जेवढी कार्डं असतील ती एका अदृश्य स्विचवर जोडली जातात. बाहेरच्या जगाशी, अगदी तुमच्या लॅपटॉपशीही, त्याचा संबंध नसतो. सहा नावं लागतील, तीन आतल्या नेटवर्कांची आणि तीन लाइनींची. नाव हुबेहूब तेच लिहा. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर दोन वेगळे स्विच तयार होतात, आणि चूक कुठेच लाल अक्षरांत दिसत नाही.

क्लोनवर पहिलं कार्ड एनएटीवर होतं, तेही इंटर्नल करा. एनएटी तसंच राहिलं तर डीफॉल्ट वाट तिथूनच बाहेर जाते, इंटरनेट चालतं, आणि तुमचे राउटर काहीच काम करत नसताना सगळं जमल्यासारखं वाटतं.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर बसला असाल तर ब्रिज्ड पर्यायाला हात लावू नका. त्यात तुमचं मशीन थेट खऱ्या नेटवर्कवर येतं. त्यावर सरावासाठी डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारा) सर्व्हर चालू केलात, तर शेजारच्या टेबलांवरची मशीनं तुमच्याकडून पत्ते घेऊ लागतील आणि सगळ्या लॅबचं इंटरनेट जाईल. डीएचसीपीचा सराव करायचाच आहे, पण इंटर्नलवर.

पत्ते ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस या फाइलीत लिहा, म्हणजे रीस्टार्टनंतर राहतील. रा१ च्या पहिल्या कार्डासाठी :

ऑटो ईएनपी०एस३
आयफेस ईएनपी०एस३ आयनेट स्टॅटिक
ॲड्रेस १०.१०.१०.१/२४

इन्स्टॉल करताना त्या कार्डासाठी आलेल्या जुन्या ओळी, डीएचसीपीच्या ओळीसकट, काढून टाका. नाहीतर मशीन सुरू होताना पत्त्याची वाट बघत बसेल. कॉम्प्युटरांच्या फाइलीत आणखी एक ओळ, गेटवे, म्हणजे आपापल्या राउटरचा पत्ता.

आता फक्त शेजाऱ्याला पिंग करा. कारखान्याच्या कॉम्प्युटरवरून रा१, रा१ वरून रा२ आणि रा३. दूरचं अजून बघायचं नाही. पिंग फसला तर तो कसा फसला हे नीट वाचा, कारण तीन वेगळी उत्तरं तीन वेगळ्या दोषांची असतात. ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ आलं तर तुमच्याच मशीनकडे वाट नाही. पॅकेट निघालंच नाही. स्वतःच्याच पत्त्यावरून ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ आलं तर वाट आहे, पण तारेवर समोरून कुणी मॅक सांगत नाही. इंटर्नल नेटवर्कचं नाव किंवा कार्डाचा क्रमांक तपासा. काहीच आलं नाही, नुसती शांतता असेल, तर पॅकेट गेलंय आणि पुढे कुठेतरी हरवलंय, किंवा उत्तर परत येत नाही. या तिसऱ्या प्रकारातच खरं काम असतं.

परतीची वाट

तिन्ही राउटरांवर ईटीसी/एसवायएससीटीएल.डी फोल्डरात लॅब.कॉन्फ नावाची फाइल करून एक ओळ टाका : नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड=१. त्याशिवाय लिनक्स दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट पुढे देत नाही. मग एसवायएससीटीएल --सिस्टिम चालवा. डेबियनची याहून नवी आवृत्ती घेतली असेल, तर सगळ्या कार्डांचं आरपी_फिल्टर (पाठवणाऱ्याकडे परतीची वाट नसेल तर पॅकेट टाकून देणारी तपासणी) शून्य आहे का तेही बघा. नसेल तर पुढचा प्रयोग वेगळा दिसेल.

आता मुद्दाम अर्धवट काम करा. फक्त रा१ वर दुकानाची वाट सांगा :

आयपी राउट ॲड १०.१०.२०.०/२४ व्हाया १०.०.१२.२

कारखान्याच्या कॉम्प्युटरवरून १०.१०.२०.११ ला पिंग करा. शांतता. आता रा२ वर लॉगिन करून आतल्या कार्डावर कान लावा (आयसीएमपी म्हणजे पिंग आणि नेटवर्कच्या तक्रारी ज्यातून जातात ते नियम) :

टीसीपीडम्प -एन -आय ईएनपी०एस३ आयसीएमपी

इथे जे दिसतं ते घाई न करता वाचा. कारखान्याची इको रिक्वेस्ट (पिंगची विनंती) दुकानात पोचतेय. दुकानाचा कॉम्प्युटर इको रिप्लाय देतोय. आणि लगेच खाली तिसरी ओळ : रा२ दुकानाच्या कॉम्प्युटरला सांगतोय की १०.१०.१०.११ चं नेटवर्क अनरीचेबल आहे. म्हणजे विनंती व्यवस्थित गेली, उत्तरही निघालं, पण रा२ ला कारखान्याची वाटच ठाऊक नाही. आणि तक्रार गेली ती दुकानाच्या कॉम्प्युटरकडे. कारखान्यात बसून पिंग करणाऱ्याला त्यातलं अक्षरही दिसत नाही. ‘माझ्याकडून सगळं बरोबर आहे, दुकानातच काहीतरी गडबड आहे’ अशी फोनवरची भांडणं बऱ्याच वेळा इथूनच सुरू होतात. वाट जाण्याची एक आणि येण्याची दुसरी, दोन्ही स्वतंत्रपणे सांगाव्या लागतात. हे पाठ करण्यापेक्षा या तीन ओळी एकदा डोळ्यांनी बघितलेल्या बऱ्या.

रा२ वर कारखान्याची वाट घाला आणि पिंग सुरू होईल. उत्तराच्या ओळीत टीटीएल=६२ दिसेल. लिनक्स ६४ पासून सुरू करतो आणि प्रत्येक राउटर एक वजा करतो. वाटेत दोन राउटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. टीसीपीडम्पला -ई जोडून रा१ च्या दोन्ही बाजूंनी तेच पॅकेट बघा. आयपी पत्ते दोन्हीकडे तेच, मॅक मात्र दोन्ही बदललेले.

राउटरांना आपसात बोलू द्या

तीन राउटरांच्या वाटा हाताने लिहिता येतात. पण लाइन तुटली की हाताने लिहिलेली वाट आपोआप बदलत नाही. त्यासाठी ओएसपीएफ, म्हणजे राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायचे नियम. आधी हाताने घातलेल्या सगळ्या वाटा काढा. एफआरआर त्यांना कर्नलच्या वाटा मानतो आणि त्यांना ओएसपीएफपेक्षा वरचा मान देतो. त्या राहिल्या तर ओएसपीएफ सगळं शिकूनही वापरणार नाही.

ईटीसी/एफआरआर/डीमन्स या फाइलीत ओएसपीएफडी=येस करा, एफआरआर रीस्टार्ट करा, आणि व्हीटीवायएसएच (एफआरआरला आज्ञा द्यायची खिडकी) उघडा. रा१ वर :

कॉन्फिगर टर्मिनल
राउटर ओएसपीएफ
ओएसपीएफ राउटर-आयडी १.१.१.१
नेटवर्क १०.१०.१०.०/२४ एरिया ०
नेटवर्क १०.०.१२.०/३० एरिया ०
नेटवर्क १०.०.१३.०/३० एरिया ०
पॅसिव्ह-इंटरफेस ईएनपी०एस३
इंटरफेस ईएनपी०एस८
आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट
इंटरफेस ईएनपी०एस९
आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट
एंड
राइट मेमरी

रा२ आणि रा३ वर आपापले पत्ते आणि २.२.२.२, ३.३.३.३ हे आयडी. पॅसिव्ह म्हटल्यामुळे आतलं नेटवर्क जाहीर होतं, पण तिकडे राउटर शोधत बसणं थांबतं. लाइनीला दोनच टोकं आहेत, म्हणून पॉइंट-टू-पॉइंट. नाहीतर दोन राउटर आधी प्रमुख निवडायला थांबतात. शो आयपी ओएसपीएफ नेबर म्हटल्यावर दोन शेजारी आणि दोघांपुढे फुल (पूर्ण जुळलेला) दिसलं की झालं. इथे सगळ्या मशीनचा स्नॅपशॉट घ्या. पुढे जे काही मोडाल ते मिनिटभरात परत येईल.

आता तोडायचं. कारखान्याहून दुकानाला सतत पिंग चालू ठेवा आणि रा१ च्या खिडकीतल्या डिव्हायसेस मेनूत नेटवर्कखाली दुसऱ्या कार्डाची जोडणी काढा. काही पॅकेट हरवतात, आणि पुन्हा उत्तरं येऊ लागतात, पण टीटीएल ६१ झालेला असतो. पॅकेट आता होटगी रोडवरून, रा३ मधून वळसा घेतंय.

लगेच रा२ वर शेजाऱ्यांची यादी बघा. रा१ अजून फुलच दिसतो, फक्त त्याचा डेड टाइम उलटा मोजला जातोय. इंटर्नल नेटवर्क हा स्विच आहे, त्यामुळे एका टोकाची केबल निघाली तरी दुसऱ्या टोकाला कार्ड चालूच दिसतं. मग वाट इतक्या लवकर कशी बदलली? रा१ ला स्वतःची केबल गेलेली कळली, त्याने रा३ मार्फत तशी बातमी पसरवली, आणि रा२ ने ती ऐकून गणित पुन्हा केलं.

आता दुसऱ्या प्रकारे तोडा. केबल पुन्हा जोडा, सगळं ६२ वर येऊ द्या, आणि रा१ आणि रा२ दोन्हींवर :

टीसी क्यूडिस्क ॲड डेव्ह ईएनपी०एस८ रूट नेटएम लॉस १००%

नेटएम हे लाइन मुद्दाम बिघडवणारं लिनक्समधलं साधन. कार्ड चालू, दिवा हिरवा, पण एकही पॅकेट जात नाही. या वेळी पिंग चाळीस सेकंदांपर्यंत बंद राहील. ओएसपीएफ दर दहा सेकंदांनी हॅलो पाठवतं आणि चाळीस सेकंद ऐकू आलं नाही तरच शेजारी गेला असं धरतं. आपल्याकडच्या फायबर लाइनींवर हाच प्रकार जास्त दिसतो : फायबर बाहेर कुठेतरी खोदकामात तुटलेली असते, पण राउटर आणि मीडिया कन्व्हर्टरमधली हातभर केबल शाबूत असते, म्हणून राउटरला काहीच कळत नाही. दोन्ही टोकांना हॅलो १ आणि डेड ४ सेकंद करून पुन्हा बघा. एकाच टोकाला बदललंत तर शेजारीपणाच जुळणार नाही, तेही एकदा करून बघण्यासारखं आहे. प्रयोग झाला की ॲडच्या जागी डेल लिहून नेटएम दोन्हींवरून काढा.

संथ आणि गळकी लाइन

नेटएमचा खरा उपयोग इथे आहे. लॅपटॉपमधल्या तारा अवास्तव चांगल्या असतात, बाहेरच्या तशा नसतात. रा१ वर त्याच आज्ञेत लॉस १००% ऐवजी डिले ४०एमएस लिहा. पिंगचा वेळ तेवढ्याने वाढेल. दोन्ही टोकांना लावलंत तर ऐंशीने.

अंतराचं गणित इथे करून ठेवा. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई रस्त्याने ४०० किलोमीटरच्या आसपास; म्हणजे जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद. तुमच्या लाइनीवर मुंबईचा पिंग ४० दाखवत असेल, तर उरलेला वेळ अंतराचा नाही. तो रांगांचा, वळशाच्या वाटेचा, शेवटच्या टप्प्याचा आहे.

दुकानाच्या कॉम्प्युटरवर आयपर्फ३ -एस आणि कारखान्यातून आयपर्फ३ -सी १०.१०.२०.११. आधी नेटएमशिवाय वेग मोजा, मग उशीर लावून, मग उशीर आणि १ टक्का गळती दोन्ही लावून. शेवटच्या वेळी वेग एक आकडी एमबीपीएसवर येतो, लाइन कितीही रुंद असली तरी. १९९७ मध्ये मॅथिस आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या अंदाजाप्रमाणे टीसीपीचा वेग उशिराच्या आणि गळतीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ४० मिलिसेकंद आणि १ टक्का घातले की उत्तर साडेतीन एमबीपीएसच्या आसपास येतं. ‘शंभरची लाइन घेतली तरी फाइल सरकत नाही’ अशी तक्रार आली, की प्लॅन वाढवायच्या आधी गळती मोजा. मोजमाप खरं यावं म्हणून रा१ आणि रा२ वर ईथटूल -के वापरून आतल्या आणि लाइनच्या सगळ्या कार्डांचे टीएसओ, जीएसओ, जीआरओ बंद करा. नाहीतर कर्नल अनेक पॅकेटांची मोट बांधून पाठवतो आणि नेटएम सगळी मोट एकदम टाकतो.

पिंग जातो, पण साइट उघडत नाही

हा दोष मी सगळ्यांना मुद्दाम करायला लावतो. नेटएम काढा. रा१ आणि रा२ च्या ईएनपी०एस८ वर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) १४०० करा, दोन्हींवर एकदम. नाहीतर ओएसपीएफ पुन्हा जुळताना एक्सस्टार्टवर (जुळणीच्या सुरुवातीच्या टप्प्यावर) अडकेल. कारखान्याहून :

पिंग -एम डू -एस १४७२ १०.१०.२०.११

१४७२ मध्ये आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० बाइट मिळवले की १५००. रा१ उत्तर देतो की तुकडे करावे लागतील, एमटीयू १४०० आहे. कॉम्प्युटर हे लक्षात ठेवतो आणि पुढे लहान पॅकेट पाठवतो. सगळं सुरळीत.

आता रा१ वर आयपीटेबल्सच्या आउटपुट साखळीत फ्रॅगमेंटेशन-नीडेड प्रकारचा आयसीएमपी ड्रॉप करा, ‘सुरक्षेसाठी आयसीएमपी बंद’ म्हणत कितीतरी जण करतात तसं. कारखान्याच्या कॉम्प्युटरवर आयपी राउट फ्लश कॅश करून आयपर्फ३ पुन्हा चालवा. साधा पिंग जातो, जोडणी होते, पहिल्या सेकंदाला थोडा आकडा दिसतो, आणि मग शून्य, शून्य, शून्य. मोठी पॅकेट रा१ वर पडतायत आणि पाठवणाऱ्याला कुणी सांगतच नाही. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी होणाऱ्या) ब्रॉडबँडवर एमटीयू १४९२ असतो, त्यामुळे ही परिस्थिती घरोघरी येऊ शकते. तिथे -एस १४६४ पर्यंत पिंग जातो, १४६५ ला अडतो.

उपाय म्हणून तो ड्रॉपचा नियम काढणं सर्वांत चांगलं. तो तुमच्या हातात नसेल तर रा१ वर मँगल टेबलच्या फॉरवर्ड साखळीत टीसीपीएमएसएस नियम, क्लॅम्प-एमएसएस-टू-पीएमटीयू सह, सिन पॅकेटांसाठी (जोडणी सुरू करणाऱ्या पॅकेटांसाठी) लावा. आधी आणि नंतर रा२ वर टीसीपीडम्पने सिन पॅकेट बघा : एमएसएस (एका पॅकेटात मावणारी माहिती) १४६० चा १३६० झालेला असेल, म्हणजे १४०० वजा आयपी आणि टीसीपीचे ४०.

काय मिळत नाही, आणि चार जीबीवाल्यांसाठी

वायफायची रेंज, भिंतीआडचा सिग्नल, पीओई (केबलमधूनच वीज), खराब क्रिम्पिंग, महाग स्विचमधल्या चिपचा वेग यातलं काही इथे कळत नाही. आयपर्फ३ चा नेटएमशिवायचा आकडाही तुमच्या सीपीयूचा असतो, नेटवर्कचा नसतो. तेवढ्यासाठी हातात क्रिम्पिंग टूल घ्यावंच लागतं.

चार जीबीच्या लॅपटॉपवर सहा मशीन चालवायचा हट्ट नको. एकच डेबियन मशीन ठेवा आणि त्यात नेटवर्क नेमस्पेस करा. मिनीनेट हेच तंत्र वापरतं. आयपी नेटएनएस ॲड रा१ म्हटलं की स्वतःची कार्डं आणि स्वतःच्या वाटा असलेला कप्पा तयार होतो. आयपी लिंक ॲड ... टाइप व्हेथ ... ने दोन टोकांची तार होते, तिचं एकेक टोक एकेका कप्प्यात टाकायचं, आणि आयपी नेटएनएस एक्झेक रा१ पुढे वरच्या बहुतेक आज्ञा तशाच चालतात. फॉरवर्डिंग प्रत्येक राउटर-कप्प्यात वेगळं चालू करावं लागतं. इथे एक फरक जाणवेल : व्हेथला मध्ये स्विच नसतो, त्यामुळे एक टोक बंद केलं की दुसरंही लगेच बंद दिसतं. चाळीस सेकंदांचा प्रयोग म्हणूनच नेमस्पेसमध्ये नेटएमनेच करायचा. एफआरआर प्रत्येक कप्प्यात वेगळं चालवावं लागतं, आणि ते नव्याने शिकणाऱ्याला गुंत्याचं होतं. तेव्हा चार जीबीवर परतीची वाट, गळकी लाइन आणि एमटीयू हे तीन भाग नेमस्पेसमध्ये करा, आणि ओएसपीएफसाठी कॉम्प्युटर न घेता फक्त तीन राउटरांची मशीन चालवून एका राउटरच्या आतल्या पत्त्यावरून दुसऱ्याच्या आतल्या पत्त्याला पिंग -आय वापरून बघा. वाटेत कमी राउटर मोजले जात असल्याने टीटीएल तिथे आधी ६४ आणि वळशाने ६३ दिसेल.